सातव्या खुंटीवरचे गमबूट

तोंडावर आम्ही मॅनेजरांना साहेब म्हणायचो आणि पाठ वळली की आंघोळ्या. हे नाव कुणी पाडलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही, म्हणजे बहुतेक मीच पाडलं असणार. पण त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या डुकरांच्या फार्मवर यायचं तर फाटकाशेजारच्या खोलीत अंगावरचं सगळं उतरवायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत साबण लावायचा, पलीकडच्या दारानं निघून फार्मचे कपडे चढवायचे, आपल्या नंबरच्या खुंटीवरचे गमबूट घालायचे आणि जंतुनाशकाच्या हौदातून डबक डबक करत आत शिरायचं. बायांची खोली वेगळी, कायदा तोच. दुपारी डबा खायला बाहेर गेलं की परतताना पुन्हा आंघोळ. माझी बायको म्हणायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढे स्वच्छ नव्हता तुम्ही. आणि तरी वास येतोच."

येतोच. डुकराचा वास कातडीला चिकटत नाही, तो आत कुठंतरी जाऊन मुक्काम ठोकतो. साहेबांच्या घरी तर त्यांची उशी वेगळी ठेवलेली होती म्हणे.

मी तिथं खाद्य वाहायचो. मका, सोयाबीनची पेंड आणि मिठाची पुडकी मिसळायची, गाड्यावर टाकायची आणि शेडाशेडांतून ढकलत फिरायचं. त्यामुळं मला सगळीकडचं दिसायचं आणि सगळीकडचं ऐकू यायचं. साहेबांनी सगळ्या नोकरीत एका बाईवर एकच आळ घेतला आणि तो काढायला त्यांना नऊ वर्षं लागली. ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलंय. त्यात माझ्या जिभेचाही हात होता, म्हणून सांगतो.

साहेब एकोणिसाव्या वर्षी फार्मवर आले ते पाण्याची नळी धरायला. शेड धुवायचं, घाण खड्ड्यात लोटायची, पुन्हा धुवायचं. शिक्षण चौथीपर्यंत, पण चौथी दोनदा. हे ते स्वतःच अभिमानानं सांगायचे. "पहिल्यांदा बसलो तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा सगळं कळलं. पुढं ढकललं असतं तर आज अंगठा उठवत असतो." डॉक्टर आले की हा गडी नळी बंद करून त्यांच्या मागं मागं फिरायचा, काय बोलतात ते पाठ करायचा आणि रात्री वहीत लिहून काढायचा. अशा सतरा वह्या झाल्या आणि सतराव्या वहीला ते मॅनेजर झाले.

मॅनेजर झाल्यावर पहिलं काम केलं ते फाटक बंद करायचं. आंघोळीची खोली त्यांनी बांधून घेतली. कामगारानं घरी डुक्कर पाळायचं नाही. डब्यात डुकराचं मटण आणायचं नाही. बाहेरच्या डुकराला हात लागला तर दोन दिवस फार्मवर पाऊल टाकायचं नाही. हे सगळं भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. एकदा खुद्द मालक चकाकते बूट घालून आले आणि सरळ निघाले आत. साहेब आडवे.

"आधी आंघोळ."

"अरे, मी मालक आहे!"

"म्हणून तर म्हणतो. डुकरं तुमची आहेत. मेली तर तुमचीच मरतील, माझं काय जातं?"

मालकांना फार्मची चड्डी पुरेना. कमरेला एका हातानं धरून त्यांनी सहाच्या सहा शेडं पाहिली. त्यानंतर ते फारसे आले नाहीत. फोन करायचे.

साहेबांचा दुसरा जीव म्हणजे खुंट्यांसमोर, ऑफिसच्या दाराबाहेर लावलेला फळा. त्यावर एकच आकडा असायचा. दूध तोडलेल्या शंभर पिल्लांतली किती जगून मोठ्या शेडला गेली तो. चौऱ्याण्णव असला की साहेब शीळ घालायचे. ब्याण्णव झाला की खडू दोन बोटांत मोडायचे.

आता जरा पिल्लांच्या खोल्यांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथलं आहे. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस गाभण असते. व्यायली की चार आठवड्यांनी पिल्लांचं दूध तोडायचं आणि त्यांना पिल्लांच्या खोलीत हलवायचं. अशा चार खोल्या. एका खोलीत एकाच वयाची पिल्लं, एकाच रंगाचा बिल्ला कानात. सगळी एकदम आत, सगळी एकदम बाहेर. ती मोठ्या शेडला गेली की खोली धुवायची, चुना मारायचा, आठवडाभर रिकामी वाळू द्यायची आणि मग पुढची तुकडी भरायची. मधे रिकामे दिवस पडले की आधीच्या तुकडीचा रोग उपाशी मरतो. हे साहेबांच्या तिसऱ्या वहीत लिहिलेलं होतं. मी स्वतः वाचलंय.

पण प्रत्येक तुकडीत पाच-सहा पिल्लं मागं राहायची. अंगावरचे केस उभे, पाठीचा कणा वर आलेला, पोट खपाटीला. त्यांना आम्ही शेंडेफळं म्हणायचो. ती मोठ्या शेडला टिकणार नाहीत हे आंधळ्यालाही दिसायचं. मग साहेब काय करायचे, त्यांना स्वतः उचलून शेजारच्या खोलीत लहान पिल्लांत सोडायचे. "एक वर्ग पुन्हा बसू दे बिचाऱ्यांना. होतील पास." काही होतही असत. आणि जी होत नसत तीही अजून खोलीतच आहेत म्हटल्यावर फळ्यावर मेलेल्यांत धरली जात नसत.

एवढा वहीबहाद्दर माणूस, पण स्वतःच लिहिलेलं तिथं त्याला दिसेना. फाटकावर तो वाघ होता आणि खोल्यांच्या आत चौथीतलं पोर.

आता ती बाई. डुकरिणी जिथं व्यायच्या त्या शेडला आम्ही बाळंतघर म्हणायचो आणि तिथं जी होती तिला सुईण. हाक मारताना मावशी. फार्मवर साहेबांच्या आधीपासून होती. हात लहान, नखं सदा कापलेली, जीभ मात्र कापायची राहिलेली. अडलेल्या डुकरिणीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आडवं पिल्लू सरळ करायची आणि वर तिच्याशी बोलायची, "अगं बाई, जरा दमानं. पोरं तुझीच आहेत, शेजारणीची नाहीत." जन्मलेलं पिल्लू फडक्यानं पुसायची, नाळ बांधायची आणि सगळ्यांत बारकं असेल त्याला पुढच्या आचळाला लावायची, तिथं दूध जास्त म्हणून. डुकरीण बसताना पिल्लं अंगाखाली चेंगरतात, हा सगळ्या फार्मांचा शाप. हिच्या बाळंतघरात महिन्याला दोन-तीन, बस्स. डुकरीण बसायच्या आधी कण्हते ते हिला तीन पिंजऱ्यांपलीकडून ऐकू यायचं.

साहेबांना ती भीत नसे. "माझ्याकडं माहेर आणि तुमच्या खोल्या म्हणजे सासर," असं त्यांना तोंडावर म्हणायची. साहेब हसायचे. हसायचे तोवर सगळं ठीक होतं.

मग खोकला आला. आधी दोन नंबरच्या खोलीत, मग तीन, मग चार. पिल्लं कुत्र्यासारखी बसून धापा टाकायची, सकाळी पाच-सहा ताठ झालेली सापडायची. फळ्यावरचा आकडा अठ्ठ्याऐंशी झाला, मग चौऱ्याऐंशी, मग एक्क्याऐंशी. मालकांचा फोन रोज. जुने डॉक्टर निवृत्त झालेले, नवे अजून आले नव्हते. साहेबांनी आमची आंघोळ पाच मिनिटांवरून दहा मिनिटांवर नेली. डबे उघडून पाहिले. माझ्या डब्यात वांगं निघालं तर त्याचाही वास घेतला.

एक दिवस सगळे खुंट्यांपाशी बूट धूत होतो. सुईण साहेबांना म्हणाली, "साहेब, एक बोलू? माझ्याकडून जातात तेव्हा पिल्लं उड्या मारतात. तुमच्याकडं दोन आठवड्यांत खोकतात. ती शेंडेफळं लहानांत सोडू नका."

"का? एक वर्ग जास्त बसली तर काय बिघडतं?"

"ती आजारी आहेत म्हणून नापास झालीत साहेब, आळशी आहेत म्हणून नाही. आजारी पोराला कुणी बालवाडीत नेऊन बसवतं का?"

आम्ही दहा-बारा जण होतो. दोघं-तिघं फिसकन हसले. साहेबांचा चेहरा चुना मारल्यासारखा झाला. "मावशी, माझी शाळा तुम्ही घेऊ नका," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्यानंतर आठवड्याभरात मी माती खाल्ली. खाद्याच्या कोठारात पोती रचताना मी जोडीदाराला गमतीनं म्हणालो, "आपली मावशी आता बाहेरची बाळंतपणंही करायला लागली. गल्लीतल्या डुकरिणीला सोडवून आली मागच्या महिन्यात." त्यात वाईट हेतू नव्हता, नुसती खाज होती जिभेची. पोत्यांच्या पलीकडं साहेब उभे होते.

दुपारी डब्यावरून परतलो तेव्हा साहेब खुंट्यांपाशी रजिस्टर घेऊन थांबलेले. सगळे जमेपर्यंत बोलले नाहीत. सगळे जमल्यावर म्हणाले, "मावशी, गेल्या महिन्यात तुम्ही दोन दिवस आला नव्हता."

"तीन."

"कुठं होता?"

"घरी. शेजारणीची डुकरीण अडली होती. हात घातला आणि सोडवली. सात जगली, एक गेलं."

"नियम काय आहे?"

"दोन दिवस यायचं नाही. मी तीन दिवस आले नाही, तेही बिनपगारी. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय. वाचून दाखवू?"

पुन्हा कुणीतरी फिसकन हसलं. मला आजही वाटतं, ते हसू नसतं तर पुढचं झालं नसतं.

"रोग बाहेरून आलाय," साहेब म्हणाले, "आणि तो तुम्ही आणलाय. बूट काढा."

मावशीनं एकदा आमच्याकडं पाहिलं. तिच्या हाताखाली जे काम शिकले असे चौघं तिथं होते. मी होतो. मला तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, खोकला तर तिच्या रजेच्या आधीपासून आहे. मला तारखा पाठ होत्या, कारण खोकणारी पिल्लं खाद्य सोडतात आणि उरलेलं मीच उचलत होतो. मी मूग गिळून उभा राहिलो. घरी दोन पोरं होती, हे कारण मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

तिनं बूट काढले. हौदाशी बसून ब्रशनं त्यांचे तळवे घासले, एकेक खाच साफ केली, पाणी निथळवलं आणि सात नंबरच्या खुंटीवर उलटे टांगले. जाताना म्हणाली, "दोन नंबरच्या पिंजऱ्यातली आज व्यायची आहे. तिला सारखी ऊठबस करायची खोड आहे. कुणीतरी जवळ बसा."

कुणी बसलं नाही. दोन नंबरच्या डुकरिणीनं त्या दिवशी चार पिल्लं अंगाखाली घेतली.

रजिस्टरात साहेबांनी तिच्या नावापुढं लिहिलं: काढण्याचं कारण, रोग आणला.

रोग मात्र गेला नाही. तो कशाला जाईल? बाई गेली, शेंडेफळं होतीच. दोन महिने खोल्या तशाच खोकत राहिल्या आणि वर बाळंतघरात चेंगरणं वाढलं. मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्या भाचीएवढ्या. आंघोळ करून, केस फडक्यात बांधून आल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यात लहान पिल्लांपासून सुरू करू." चार नंबरच्या खोलीत निळ्या बिल्ल्याची पिल्लं. बाई कुंपणावर हात टेकून नुसत्या बघत बसल्या. मी खाद्य ओतत होतो.

"निळ्यांत हे पिवळं कसं?"

"मागं राहिलेलं आहे," साहेब म्हणाले. "आधीच्या तुकडीतलं."

"आणि तो लाल?"

"त्याच्या आधीच्या."

बाई आत उतरल्या, कोपऱ्यातलं एक मरतुकडं उचललं आणि त्याचा कान पुसला. बिल्ला पांढरा निघाला. पांढरा म्हणजे चार तुकड्यांपूर्वीचा. चार खोल्या फिरून आलेलं बेणं ते, हातभर लांब आणि आवाज म्हाताऱ्याच्या दम्यासारखा.

"साहेब," बाई म्हणाल्या, अगदी हळू, "माणसांना तुम्ही दोन दोन आंघोळी घालता. आणि रोगाला मात्र हाताला धरून खोलीखोलीतून फिरवलंत."

साहेबांनी ते पिल्लू त्यांच्या हातातून घेतलं आणि कितीतरी वेळ धरून उभे राहिले. ते त्यांच्या शर्टावर खोकत होतं. मी गाडा ढकलत बाहेर आलो, कारण तिथं थांबणं बरं दिसेना.

त्यानंतर शेंडेफळांसाठी लांब, वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला, वेगळं शेड झालं. तिथला माणूस वेगळा, फावडं वेगळं, बूट वेगळे. जी उठणार नाहीत ती डॉक्टरीणबाई सुई देऊन कायमची शांत करायच्या. खोल्या धुतल्या, वाळवल्या, रिकाम्या ठेवल्या. तीन तुकड्यांत खोकला विझला. फळ्यावर सत्त्याण्णव आलं. एवढा आकडा त्या फळ्यानं कधी पाहिला नव्हता.

मालक आले. आंघोळ करून आले, या वेळी स्वतःच्या मापाची चड्डी शिवून घेऊन. फळ्यासमोर साहेबांच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांसमोर म्हणाले, "त्या बाईला काढलंत, तिथंच रोगाचं मूळ तुटलं. जुनं माणूस काढायला छाती लागते."

साहेब खाली मान घालून फळ्याची कडा पुसत राहिले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या सुट्टीला साहेब माझ्या घरी आले. "मावशीचं घर माहीत आहे ना तुला? चल." स्कूटरवर मागं बसून मी गल्ली दाखवली. एका खोलीचं घर, पुढं चार हात अंगण, अंगणात जाळीखाली कोंबड्या. मावशी खानावळीतून भांडी घासून आलेली, हात पाण्यानं पांढरे पडलेले. आम्हाला पाहून उठली नाही.

"साहेब, तिथंच थांबा. डुकरांतून आलात. आंघोळ केलीत का?"

"केली," साहेब म्हणाले. खरंच केली होती.

"दोन दिवस झाले का?"

साहेब होते तिथंच थांबले. मग त्यांनी जाळीपलीकडून सगळं सांगितलं. पांढरा बिल्ला, चार खोल्या, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. आडपडदा ठेवला नाही. शेवटी म्हणाले, "मावशी, चूक माझी होती. उद्यापासून या."

मावशीनं कोंबड्यांना दाणे टाकले. मग म्हणाली, "तुमच्याकडून निघाल्यावर मी दोन फार्मांवर गेले. दोघांनी तुमच्या ऑफिसात फोन केला. तुमच्या ऑफिसानं रजिस्टर वाचून दाखवलं. आता गल्लीतसुद्धा कुणी बोलावत नाही. ज्या शेजारणीची डुकरीण सोडवली ना, ती मला दारात उभी करत नाही. म्हणते, तुझ्या हाताला रोग आहे."

तिनं हात पुढं करून बघितले, जणू खरंच काही लागलंय का ते.

"ते मी दुरुस्त करतो," साहेब म्हणाले.

"कसं? इथं गल्लीत येऊन कानात सांगून? ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर बोला. त्याच खुंट्यांपाशी. आणि त्या वहीत खोडा. मग मी स्वतः चालत येईन. पगार वाढवू नका, काही नको."

"सोमवारी," साहेब म्हणाले.

"बघते सोमवारी."

सोमवारी साहेब लवकर आले होते. हातात खडू आणि खिशात लाल पेन. सगळे खुंट्यांपाशी जमले. मीही मनात म्हटलं, सुटलो. साहेबांनी घसा खाकरला आणि तेवढ्यात फाटकावर गाडी वाजली. मालकांनी दुसऱ्या फार्मांचे सहा मॅनेजर पाठवले होते, सत्त्याण्णव कसं केलं ते साहेबांकडून शिकायला. सहा जण आंघोळ करून, ओल्या डोक्यानं, वह्या उघडून साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी खडूकडं पाहिलं. मग फळ्यावर खोल्यांचं चित्र काढलं आणि त्यांना शिकवू लागले, सगळी एकदम आत, सगळी एकदम बाहेर. छान शिकवलं. चूक कुणाची होती तेवढं सोडून.

मंगळवारी म्हणाले, उद्या. बुधवारी एक डुकरीण अडली. मग महिना गेला. मग असं झालं की इतक्या उशिरा बोललो तर लोक विचारतील, एवढे दिवस का गप्प होता? वेळेवर न बोललेल्या गोष्टीचं असंच असतं. ती रोज थोडी जड होत जाते, आणि एक दिवस उचलवत नाही.

साहेब मात्र बदलले. शीळ बंद झाली. सात नंबरच्या खुंटीवर त्यांनी दुसऱ्या कुणाचे बूट टांगू दिले नाहीत. नवीन माणूस आला की त्याला सहानंतर एकदम आठ. कुणी विचारलं तर "ती खुंटी सैल आहे" म्हणायचे. दर महिन्याला स्वतः ते बूट उतरवायचे, धुवायचे, परत टांगायचे. रबर वाळून टाचेला चिरा पडल्या तरी. त्यांची बायको एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "ह्यांना झोपेत खोकल्याची सवय लागलीय. डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे."

मी? मी तरी कुठं बोललो. साहेब बोलत नाहीत तर आपण कोण, हे दुसरं कारण मला सापडलं होतं.

नऊ वर्षं अशी गेली. साहेबांच्या निवृत्तीचा दिवस आला. नवा मॅनेजर पदवीवाला, हसरा. मालकांचा मुलगा हार घेऊन आला, मालक आता अंथरुणावर. सगळे खुंट्यांपाशी जमले. साहेबांना दोन शब्द बोला म्हणाले. साहेबांनी खडू घेतला, फळ्यावरचा आकडा पुसला आणि मोठ्या, चौथीतल्या पोरासारख्या गोल अक्षरांत लिहिलं:

रोग सुईण मावशीने आणला नव्हता. मी खोल्यांत फिरवला. तिला काढले ती माझी चूक.

मग वळून तेच वाचून दाखवलं. नंतर जुनं रजिस्टर मागवलं, पान काढलं, लाल पेनानं ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली.

मग मागून बाळंतघरातल्या नव्या पोरीनं शेजारी उभ्या बाईला हळूच विचारलं, "कोण सुईण मावशी?"

तिनं खांदे उडवले. मी नजर फिरवली. त्या दिवशी खुंट्यांपाशी उभे असलेल्यांतलं तिथं कोण होतं? दोघं वारले, बाकीचे नोकरी सोडून पांगले. जुना म्हणजे मी एकटा. नव्या मॅनेजरनं सांभाळून घेत टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. दुपारी मी खाद्याचा गाडा घेऊन गेलो तर फळा पुसलेला होता आणि त्यावर आठवड्याचा आकडा होता. शहाण्णव.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघं परत त्या गल्लीत गेलो. आता मी स्कूटर चालवत होतो आणि साहेब मागं. मावशी दारात खुर्चीवर बसलेली. बोटं सांध्यांत वाकडी झालेली. कोंबड्या नव्हत्या.

"सांगितलं," साहेब म्हणाले. "सगळ्यांसमोर. फळ्यावर लिहिलं. वहीत खोडलं."

"कोण कोण होतं?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "मी होतो, मावशी."

"तू तर पहिल्यापासून होतास," ती म्हणाली. टोचून नाही म्हणाली. नुसतं म्हणाली. "बाकीचे?"

"बाकी नवीन आहेत," साहेब म्हणाले.

"म्हणजे जे मला ओळखत नाहीत त्यांना कळलं की मी चांगली होते." मावशी थोडं हसली. दात दोन-तीनच उरले होते. "बरं केलंत. तुमच्या मनाला बरं वाटलं असेल."

मग मावशीनं विचारलं, "शेंडेफळं कुठं ठेवता आता?"

"वेगळी. पार टोकाच्या शेडात."

"हां. आणि बाळंतघरात कोण?"

"एक पोरगी आहे. नवी."

"तिला सांगा, बारकं पिल्लू पुढच्या आचळाला लावायचं. कुणी शिकवत नाही हे."

"सांगतो," साहेब म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की उद्यापासून त्यांना आत जाता येणार नाही. ते माझ्याकडं वळले. मी मान हलवली.

मावशीनं आत या म्हटलं. साहेब उंबऱ्याशी वाकून बुटांचे बंद सोडायला लागले. वयानं गुडघे वाकत नव्हते, गाठ सुटत नव्हती, आणि ते तसेच एका हातानं चौकट धरून गाठीशी झटत राहिले.

"राहू द्या बूट," मावशी म्हणाली. "आता इथं कुणाला काय लागणार आहे?"